मजकूर आणि मशारनिल्हे : दप्तर बांधण्याची आणि सोडण्याची विद्या

१

इतिहासाचार्य वि. का. राजवाडे ३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळ्यात निवर्तले. त्यांच्यामागे राहिले ते कागद : मठांतून, वाड्यांतून, देशमुख-देशपांड्यांच्या माळ्यांवरून पायपीट करून जमवलेली दप्तरे, पोथ्या आणि स्वतःची अगणित टिपणे. हा ठेवा सांभाळण्यासाठी १९२७ साली धुळ्यातच त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ उभे राहिले. त्याआधी याच गावात शंकर श्रीकृष्ण देव यांनी १८९३ मध्ये सत्कार्योत्तेजक सभा काढून रामदासी वाङ्मयाच्या हस्तलिखितांचा शोध आरंभला होता. त्या शोधातून जमलेल्या बाडांना १९३५ मध्ये समर्थ वाग्देवता मंदिर हे घर मिळाले. १९०६ साली जुन्या खानदेश जिल्ह्याचे पूर्व आणि पश्चिम असे दोन भाग होऊन जळगाव व धुळे ही त्यांची मुख्य ठाणी झाली. त्यांपैकी धुळ्याच्या वाट्याला, मराठी संशोधनाच्या दृष्टीने, कागदपत्रांचे हे मोठे भांडार आले.

या भांडारांविषयी बोलताना आपण नेहमी 'जतन' हा शब्द वापरतो. परंतु जतनाच्या पोटात दोन निरनिराळ्या क्रिया असतात. पुष्कळ लेखन थोड्या जागेत बसवणे, म्हणजे दप्तर बांधणे, ही पहिली. आणि बांधलेले पुन्हा जसेच्या तसे वाचता येणे, म्हणजे दप्तर सोडणे, ही दुसरी. पहिलीची खटपट सगळे करतात. दुसरीची खात्री मात्र फारच थोडे लोक करून ठेवतात. आज आपल्या महाविद्यालयांतील प्रबंध, लोकगीतांची ध्वनिमुद्रणे, पोथ्यांची छायाचित्रे संगणकावर 'झिप' नावाच्या गाठोड्यांत बांधली जात आहेत. म्हणून ही दोन्ही कामे प्रोग्रामांकडून करवून घेणाऱ्या तयार संहितांचा, म्हणजे ज्यांना संगणकाच्या परिभाषेत 'लायब्ररी' म्हणतात त्यांचा, इतिहास मोडी दप्तराच्या शेजारी ठेवून पाहावा, असा या लेखाचा हेतू आहे. ही तुलना केवळ अलंकारापुरती नाही. दोन्ही ठिकाणी युक्त्या खरोखरच सारख्या आहेत.

२

मोडीचा जनक कोण, हा वाद येथे बाजूला ठेवू. मोडी ही कारकुनाची लिपी होती, एवढे पुरे. आधी आडवी रेघ ओढून घ्यायची आणि तिच्याखाली हात शक्य तितका न उचलता लिहीत जायचे. शब्दांत अंतर नाही, विरामचिन्हे जवळजवळ नाहीत. वेळ वाचतो आणि कागदही वाचतो. याखेरीज कारकुनाजवळ आणखी दोन युक्त्या होत्या.

पहिली युक्ती संक्षेपाची. जो शब्द पत्रोपत्री यायचा त्याला अक्षर एकच. चिरंजीवाचे 'चि॥', राजश्रीचे 'रा॥', मौजेचे 'मौ॥', परगण्याचे 'प॥', मुक्कामाचे 'मु॥'. मुसलमानी महिन्याच्या चंद्राची तारीख सांगताना केवळ 'छ'. क्वचित येणारा शब्द, म्हणजे एखाद्या परक्या माणसाचे नाव किंवा दूरच्या गावाचे नाव, मात्र पूर्ण लिहायचा. थोडक्यात, वारंवारता जितकी अधिक तितकी खूण आखूड.

दुसरी युक्ती निर्देशाची. एकदा गावाचे नाव आले की पुन्हा ते लिहायचे नाही, 'मौजे मजकूर' म्हणायचे. एकदा माणसाचे नाव, बापाचे नाव, आडनाव, वतन हे सारे सांगून झाले की पुढे तो 'मशारनिल्हे'. आपण आज 'मजकूर' हा शब्द 'लिहिलेले काही' अशा अर्थाने वापरतो. पण मूळ अरबी शब्दाचा अर्थ 'उल्लेखिलेला' असा आहे. 'मशारनिल्हे' म्हणजे 'ज्याच्याकडे निर्देश केला तो'. वाचणाऱ्याने मागे जायचे, नाव शोधायचे आणि येथे बसवायचे.

आता संगणकाकडे वळू. १९५१ साली अमेरिकेतील एम. आय. टी. या संस्थेत डेव्हिड हफमन नावाच्या विद्यार्थ्यासमोर त्याचे प्राध्यापक रॉबर्ट फानो यांनी एक प्रश्न ठेवला : चिन्हांची वारंवारता माहीत असेल तर त्यांना सर्वांत आखूड संकेत कसे द्यावेत? हफमनने परीक्षेऐवजी या प्रश्नावर निबंध लिहिला, रीत शोधून काढली आणि ती १९५२ मध्ये प्रसिद्ध केली. वारंवार येणाऱ्या चिन्हाला थोडे अंक, क्वचित येणाऱ्याला अधिक. ही कारकुनाची पहिली युक्ती, गणिताने सिद्ध केलेली. पुढे १९७७ मध्ये इस्रायलचे अब्राहम लेंपेल आणि याकोब झिव यांनी दुसरी रीत मांडली. लिहीत जाताना, आत्ता येणारा तुकडा मागे कोठे येऊन गेला आहे का ते पाहायचे. आला असेल तर तो पुन्हा लिहायचा नाही. 'इतकी अक्षरे मागे जा, तेथून इतकी उचल' एवढेच सांगायचे. हा मशारनिल्हेच होय. फरक इतकाच की कारकुनाचा मशारनिल्हे माणसापुरता होता, लेंपेल-झिव यांचा कोणत्याही अक्षरमालेला चालतो.

आज सर्वत्र रूढ असलेली 'डिफ्लेट' ही पद्धत या दोन्ही युक्त्यांची जोडणी आहे. आधी मागील निर्देश, मग त्या निर्देशांना आणि उरलेल्या अक्षरांना आखूड संकेत. मागे पाहण्याची मर्यादा ३२ किलोबाइट, एका निर्देशाने उचलता येणारी लांबी ३ ते २५८ बाइट. देवनागरीला या पद्धतीचा विशेष लाभ होतो. युनिकोडच्या रूढ 'यूटीएफ-८' या लेखनरीतीत रोमन अक्षराला एक बाइट लागतो, देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन. परंतु त्या तिनांपैकी पहिला बाइट नेहमी एकच असतो आणि दुसऱ्याला दोनच पर्याय असतात. इतकी पुनरुक्ती असलेला मजकूर दाबला की पुष्कळ आकसतो.

३

येथे एक भेद नीट समजून घेतला पाहिजे. मोडीच्या संक्षेपात काही गोष्टी कायमच्या गळतात. मोडी सामान्यतः ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळत नाही. शब्द कोठे तुटतो हे सांगत नाही. खासगी पत्रात तर वर्ष लिहिण्याचीही पुष्कळदा गरज वाटत नसे. छ अमुक रजब एवढे पुरे, कारण पत्र घेणाऱ्याला वर्ष माहीतच होते. हे गळलेले परत कोठून आणायचे? वाचणाऱ्याच्या डोक्यातून. त्याला भाषा यावी लागते, घराणी ठाऊक असावी लागतात, आगेमागेच्या पत्रांचा मेळ घालता यावा लागतो. वर्ष असेल तेथेही ते शुहूर सनाचे आणि अरबी संख्यावाचक शब्दांत, तेही एककाकडून हजाराकडे जाणारे. 'खमस सबैन अलफ' म्हणजे पाच, सत्तर, हजार, १०७५. त्यात ५९९ मिळवले की १६७४ येतात, आणि शिवराज्याभिषेकाचा जून महिना या सनात पडतो. वर्षाच्या आरंभीच्या महिन्यांसाठी मात्र ६०० मिळवावे लागतात. ही कोष्टके माहीत असणारा माणूस समोर असेल तोवर कागद बोलतो.

झिपसारख्या गाठोड्यात असे गळणे चालत नाही. सोडल्यावर एकही अक्षर कमीजास्त होता कामा नये, ही तिची प्रतिज्ञाच असते. छायाचित्रांच्या 'जेपेग' पद्धतीत सूक्ष्म तपशील जाणूनबुजून टाकून दिले जातात; मोडीचे नाते त्या जातीशी जवळचे आहे. म्हणून पोथीचे छायाचित्र ठेवताना कोणत्या प्रकारचा संक्षेप झाला आहे, हे विचारणे संशोधकाचे कर्तव्य ठरते. अस्पष्ट झालेली वेलांटी पुढे कोणत्याही उपायाने परत येत नाही.

संक्षेपाहून वेगळी आणखी एक गोष्ट आहे : कुलूप. महानुभावांनी आपले ग्रंथ सकळ, सुंदरी आदी सांकेतिक लिप्यांत बांधून ठेवले, ते जागा वाचवण्यासाठी नव्हे. परक्या हातांनी ते विटाळू नयेत, त्यांत ढवळाढवळ होऊ नये, म्हणून. पंथाबाहेरच्या वाचकाला ते शतकानुशतके बंद राहिले. विसाव्या शतकाच्या आरंभी राजवाडे, वि. ल. भावे आदींच्या खटपटीने त्या लिपीची किल्ली अभ्यासकांच्या हाती आली आणि आद्य मराठी गद्याचा एक संपूर्ण खंड आपल्या वाङ्मयेतिहासात दाखल झाला. लीळाचरित्राशिवाय आज आपला एम. ए.चा अभ्यासक्रम कल्पिताही येत नाही. परवलीचा शब्द घालून बांधलेली झिप हीही या जातीची. परवलीचा शब्द ज्याच्या डोक्यात होता तो गेला की भावी राजवाड्यांना तेवढे काम.

४

आता प्रत्यक्ष बांधणी पाहू. लायब्ररीकडून झिप तयार करवून घेताना प्रोग्राम लिहिणाऱ्याला चारच गोष्टी सांगाव्या लागतात : अमुक नावाचे गाठोडे लिहिण्यासाठी उघड, त्यात ही फाइल या नावाने घाल, अमुक पद्धतीने दाब, आणि शेवटी गाठोडे बंद कर. लायब्ररी प्रत्येक फाइलच्या आधी एक छोटा मथळा लिहिते, त्यामागे दाबलेला मजकूर ठेवते आणि सगळे संपल्यावर, अगदी तळाशी, अनुक्रमणिका लिहिते : कोणती फाइल, कोणत्या ठिकाणी सुरू होते, मूळ लांबी किती, दाबलेली किती. ही अनुक्रमणिका बंद करतानाच लिहिली जाते. म्हणून 'बंद कर' ही चौथी आज्ञा विसरली तर सारा मजकूर आत असूनही गाठोडे रीतसर उघडत नाही.

वाचताना लायब्ररी उलट दिशेने चालते. ती आधी शेवटाकडे जाते, अनुक्रमणिका शोधते आणि तिच्या आधाराने हव्या त्या फाइलवर थेट उडी घेते. हस्तलिखितांशी परिचय असणाऱ्यांना यात नवल वाटणार नाही. नवी पोथी हाती आली की संशोधक आधी शेवटचे पान उलटतो. तेथे पुष्पिका असते : ग्रंथाचे नाव, लेखकाचे, लेखनिकाचे, शक, तिथी, स्थळ. पुष्पिकेचे पान हरवलेली पोथी म्हणजे अनुक्रमणिका नसलेली झिप.

पुष्पिकेजवळ पुष्कळदा आणखी एक आकडा असतो : ओवीसंख्या किंवा ग्रंथसंख्या. आपण तो बहुधा ओलांडून पुढे जातो. वास्तविक तो नक्कल करणाऱ्यांवरचा पहारा आहे. नकलेतील ओव्या मोजल्या आणि आकडा जुळला नाही, तर काही गळले किंवा कोणी काही घुसडले. राजपत्रांच्या शेवटी 'लेखनसीमा', 'मोर्तब सूद' किंवा मर्यादामुद्रा येते तीही याचसाठी. त्याखाली लिहिलेले ते आपले नव्हे, असे ती सांगते. झिपमध्ये हे काम 'सीआरसी-३२' नावाचा आकडा करतो. मूळ फाइलच्या सर्व बाइटांवरून ठरलेल्या गणिताने तो काढून आत ठेवलेला असतो. सोडताना लायब्ररी पुन्हा तेच गणित करते. आकडे भिन्न आले की फाइल बिघडली आहे असे सांगते. दोहोंतही एक मर्यादा समान आहे. काही बिघडले एवढेच कळते, काय होते ते कळत नाही. शिवाय ओवीसंख्या जपून आतली ओवी बदलणारा लेखनिक जसा सुटतो, तसा जाणूनबुजून फसवणारा सीआरसीच्या हातूनही सुटू शकतो. अपघात ओळखणे एवढेच तिचे काम.

बांधणीच्या प्रकाराचाही विचार हवा. १९७९च्या युनिक्समध्ये आलेली 'टार' ही पद्धत चुंबकीय फितीसाठी घडवलेली. ती फाइली एकामागून एक नुसत्या जोडते, दाबत नाही. तो सगळा जुडगा मग १९९२च्या 'जीझिप'सारख्या साधनाने एकत्र दाबतात. त्यात जागा अधिक वाचते, पण मध्ये कोठे एक बाइट बिघडला तर त्यापुढचा भाग सहसा हाती लागत नाही, कारण पुढचे निर्देश मागच्या मजकुरावर विसंबलेले असतात. झिप प्रत्येक फाइल स्वतंत्र दाबते. तिच्यातली एक फाइल गेली तरी बाकीच्या वाचतात. दप्तरखान्यातही हीच रीत होती : कागदांचे वेगवेगळे पुडके आणि त्यांवर रुमाल. वाळवी एका पुडक्याला लागली तर शेजारचे वाचण्याची आशा असे.

५

आता किल्लीचा इतिहास. झिपचा कर्ता फिल कॅट्झ हा अमेरिकेतील मिलवॉकी शहरातला प्रोग्रामर. १९८८ मध्ये त्याच्यावर 'आर्क' या आधीच्या गाठोड्याच्या मालकांनी नकलेचा दावा लावला. तडजोड झाली आणि कॅट्झला ते स्वरूप सोडावे लागले. १९८९ मध्ये त्याने झिप हे नवे स्वरूप काढले आणि त्याबरोबर एक महत्त्वाची गोष्ट केली : झिपच्या आत कोणता बाइट कोठे असतो, याचे संपूर्ण वर्णन जाहीर केले. स्वतःचे साधन तो विकत होता, वाचण्याची रीत मात्र सर्वांना खुली होती. २००० साली, वयाच्या अवघ्या ३७व्या वर्षी तो वारला. झिप त्याच्याबरोबर गेली नाही.

ती जाऊ नये याची तजवीज इतरांनी आधीच केली होती. १९९४च्या अखेरीस युनिसिस या कंपनीने 'जिफ' चित्रांतील संक्षेपपद्धतीवर पेटंटाचा हक्क बजावला, आणि लक्षावधी चित्रे ज्या रीतीने बांधली आहेत ती एका कंपनीची मालमत्ता आहे हे लोकांना एकाएकी कळले. त्यातून 'पीएनजी' हे मुक्त चित्रस्वरूप जन्मले. त्यासाठी झाँ-लू गेली आणि मार्क अॅडलर यांनी १९९५ मध्ये 'झीलिब' ही लायब्ररी लिहिली आणि कोणालाही विनामूल्य वापरता येईल अशी ठेवली. पीटर डॉइच यांनी मे १९९६ मध्ये डिफ्लेट पद्धतीचे वर्णन इतक्या रेखीवपणे प्रसिद्ध केले की ते वाचून कोणीही जाणकार स्वतःचा वाचक-प्रोग्राम शून्यातून लिहू शकतो. आज पायथनपासून जावापर्यंत बहुतेक भाषांतील गाठोडी सोडणाऱ्या लायब्रऱ्या याच पायावर उभ्या आहेत. आपण ज्या 'डॉक्स' फाइलीत प्रबंध लिहितो, ज्या 'ईपब'मध्ये पुस्तके वाचतो, त्या आतून झिपच असतात. साध्या संपादकात त्या उघडल्या तर आरंभीच दोन रोमन अक्षरे दिसतात : 'पी' आणि 'के', फिल कॅट्झच्या नावाची आद्याक्षरे.

राजवाड्यांनी काय केले? १८९८ पासून 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचे बावीस खंड त्यांनी काढले. मोडी कागद बाळबोधीत आणून छापले आणि त्यांना दीर्घ प्रस्तावना जोडल्या. ज्यांच्या घरी कागद होते त्यांना बहुधा ते वाचता येत नव्हते, आणि ज्यांना वाचता येत होते त्यांच्याजवळ कागद नव्हते. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत मोडी सरकारी व्यवहारातून आणि शाळेतून गेली, तेव्हा ही दरी कायमची झाली. कारकुनांच्या कित्येक पिढ्यांनी आपले संक्षेप एकमेकांना हाताखाली घेऊन शिकवले. पण संकेतांचे एकत्र, जाहीर वर्णन करून ठेवण्याची गरज त्यांना वाटली नव्हती, कारण वाचणारा नेहमीच असणार होता. कॅट्झ, गेली, अॅडलर, डॉइच यांनी वाचणारा नसेल असे धरून लिहिले. दोन परंपरांतला खरा भेद हा आहे. संक्षेपाची कुशलता दोन्हीकडे सारखीच आहे. तिची किल्ली लिहून ठेवण्याची दक्षता एकीकडे घेतली गेली, दुसरीकडे नाही. राजवाड्यांचे अर्धे आयुष्य ती उणीव भरून काढण्यात गेले.

६

हा भेद आज खानदेशातील आपल्या कामाला सरळ लागू होतो. अहिराणी गीतांची ध्वनिमुद्रणे, जात्यावरच्या ओव्या, विद्यापीठाला सादर झालेले प्रबंध, खासगी संग्रहांतील मोडी कागदांची छायाचित्रे असे पुष्कळ साहित्य आता संगणकावर आहे. त्यातील बरेचसे जुने टंकलेखन युनिकोडपूर्व फॉन्टांतले आहे. त्या फॉन्टांत मराठी अक्षराच्या जागी प्रत्यक्षात रोमन अक्षराचा क्रमांक साठवलेला असतो. झिप ते इमानाने बांधते, इमानाने सोडते, सीआरसीही जुळते. आणि पडद्यावर मात्र अर्थहीन रोमन चिन्हे उमटतात, कारण तो फॉन्ट गाठोड्यात घातलेलाच नसतो. सोडण्याची विद्या शाबूत असून वाचण्याची गेलेली असते.

फाइलींच्या नावांचीही अशीच कथा. झिप जन्मली तेव्हा तिच्यापुढे अमेरिकन संगणकांचा एक जुना अक्षरसंच होता. युनिकोड नावांसाठी वेगळी खूण करण्याची सोय तिच्या वर्णनात २००६ मध्ये आली. ती खूण न करणाऱ्या साधनाने बांधलेले गाठोडे पायथनच्या लायब्ररीने उघडले, तर ती नियमानुसार जुना अक्षरसंच धरते आणि देवनागरी नावाच्या जागी ग्रीक अल्फा व लाट असलेला स्पॅनिश 'एन' यांची रांग दिसते. घाबरण्याचे कारण नसते : तो अल्फा म्हणजे आपल्या तीन बाइटांपैकी पहिला, नेहमी तोच असणारा. २०२२च्या पायथन ३.११ पासून 'नावे या अक्षरसंचात वाच' असे लायब्ररीला सांगता येते. मात्र हे सांगण्यासाठी मूळ नावे देवनागरीत होती हे कोणाला तरी ठाऊक असावे लागते.

म्हणून मराठी विभागांनी आपल्या गाठोड्यांबाबत काही साधे नियम पाळावेत, असे सुचवावेसे वाटते. मजकूर युनिकोडमध्ये आणून मगच बांधावा, आणि मूळ फाइलही फॉन्टासह सोबत ठेवावी. जाहीर वर्णन असलेले स्वरूपच वापरावे. कायमच्या जतनासाठीच्या प्रतीवर परवलीचा शब्द घालू नये. गाठोडे एकाहून अधिक ठिकाणी असावे आणि वर्षा-दोन वर्षांनी ते खरोखर सोडून पाहावे. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे प्रत्येक गाठोड्यात साध्या मजकुराची एक फाइल पुष्पिका म्हणून असावी. कोणी बांधले, कोठे, कोणत्या तारखेला, आत किती फाइली आहेत, कोणत्या लिपीत आणि कोणत्या फॉन्टात. ध्वनिमुद्रण असेल तर गाणारीचे गाव, बोलीचा प्रकार आणि तिने दिलेली अनुमती. पाठचिकित्सेच्या तासाला पुष्पिकेचे महत्त्व आपण शिकवतोच. त्याच तासाला विद्यार्थ्याकडून त्याच्या स्वतःच्या प्रकल्पाची पुष्पिका लिहून घ्यावी आणि ते गाठोडे शेजारच्या विद्यार्थ्याला, काहीही न सांगता, सोडायला द्यावे. तो जेथे अडेल ती ओळ पुष्पिकेत लिहायची राहिली आहे.